सगळे अधिकार, बोलण्याचा सोडून

मंबल हे इंटरनेटवरून एकमेकांशी बोलायचं सॉफ्टवेअर. त्याच्या क्लायंटमध्ये, म्हणजे आपल्या कॉम्प्युटरवर उघडायच्या भागात, सर्व्हरची माहिती दाखवणारी एक छोटी खिडकी आहे. आलेल्या-गेलेल्या पॅकेटांचा, म्हणजे आवाजाच्या छोट्या तुकड्यांचा, हिशेब तीत चार शब्दांत मांडलेला असतो: गुड, लेट, लॉस्ट, रीसिंक. उशिरा पोचलेली पॅकेटं वेगळी मोजलेली असतात आणि हरवलेली वेगळी. कानाला मात्र या दोन्हींत फारसा फरक जाणवत नाही. फोटो पाठवताना एखादं पॅकेट वाटेत अडलं तर ते परत मागवता येतं; फोटो दोन सेकंद उशिरा उघडतो, एवढंच. बोलण्यात ही सवलत नाही. "हो" दोन सेकंदांनी पोचला तर तोवर समोरच्याने तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ लावून टाकलेला असतो.

२००९ साली १० भाषांमधल्या संवादांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हो-नाही असं उत्तर मागणारा प्रश्न संपल्यावर उत्तर सुरू व्हायला किती वेळ जातो, हे त्यात मोजलं होतं. सरासरी निघाली सुमारे २०० मिलिसेकंद. जपानी बोलणारे त्यातल्या त्यात चटकन, डॅनिश जरा सावकाश. पण सगळ्या भाषा या आकड्याच्या आसपासच. म्हणजे समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच आपलं उत्तर तोंडात तयार असतं. आता या संवादाच्या मध्ये कॉम्प्युटर, राउटर, वायफाय आणि शेकडो किलोमीटरची फायबर आणून ठेवा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ ही शिफारस सांगते की एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर बहुतेक संवाद नीट चालतात, आणि ४०० च्या वर तो जाऊच देऊ नये. आमचा व्हॉइस सर्व्हर उभा करताना मी जे जे केलं, ते या दोन आकड्यांना धरून केलं.

आमचा वाचनाचा एक लहानसा गट आहे. ठरलेल्या संध्याकाळी एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मध्येच कुणीतरी "थांब, ते परत वाच" म्हणतं, कुणी हसतं, कुणी नुसता हुंकार देतं. सगळे वेगवेगळ्या ठिकाणी राहतात, त्यामुळे हे कायम कुठल्या ना कुठल्या ॲपवर चालायचं. त्या ॲपला माणसाचा हुंकार हा गोंगाट वाटायचा. वाचणाऱ्याने आवाज खाली आणला की वाक्याचं शेपूट कापलं जायचं. वाचणाऱ्याला समोर कुणी आहे की नाही हेच कळेना, आणि मग तो भराभर वाचून मोकळा व्हायचा. हुंकार ऐकू येत नसेल तर मोठ्याने वाचण्यात काय उरलं? म्हणून मी स्वतःचा सर्व्हर चालवायचं मनावर घेतलं.

मंबल हे २००५ पासून चालत आलेलं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. थॉर्वाल्ड नॅटविगने ते सुरू केलं. मुळात ते ऑनलाइन गेम खेळणाऱ्यांसाठी होतं, आणि हे मूळ त्याच्या फार कामी आलं. खेळात "डावीकडे बघ" हे अर्ध्या सेकंदाने पोचलं तर त्याचा उपयोग नसतो, त्यामुळे उशीर कमी ठेवणं हा या सॉफ्टवेअरचा पहिल्यापासूनचा हट्ट. व्हिडिओ त्यात नाही. ब्राउझरमध्ये चालणारे, चेहरे दाखवणारे पर्यायही लिनक्सवर बसवता येतात आणि ते चांगलेही आहेत. आम्हाला चेहरे नको होते.

डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर मंबल बसवायचं काम एका ओळीचं: सुडो ॲप्ट इन्स्टॉल मंबल-सर्व्हर. त्यानंतर डीपीकेजी-रीकॉन्फिगर ही सेटिंग विचारणारी आज्ञा चालवली की तीन प्रश्न येतात. मशीन सुरू झाल्यावर सर्व्हरही आपोआप सुरू व्हावा का? त्याला प्रोसेसर आणि नेटवर्कमध्ये वरचं प्राधान्य द्यायचं का? आणि सुपरयूजरचा पासवर्ड काय? दुसऱ्या प्रश्नापाशी मला बरं वाटलं. मशीनवर दुसरं काही जड काम चालू असलं तरी बोलणाऱ्याला आधी वाट द्यावी, हा विचार बसवतानाच्या तीन प्रश्नांत आहे. मी हो म्हटलं. तिसऱ्या प्रश्नाकडे नंतर वळते.

मंबलचं ठरलेलं पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर, ६४७३८. १९८२ साली आलेल्या कमोडोर ६४ या घरगुती कॉम्प्युटरवर काम केलेल्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल: एसवायएस ६४७३८ असं टाइप केलं की ते मशीन रीसेट व्हायचं. हे पोर्ट फायरवॉलमध्ये दोनदा उघडावं लागतं, एकदा टीसीपीसाठी आणि एकदा यूडीपीसाठी. इंटरनेटवरून पॅकेटं पाठवण्याच्या या दोन पद्धती. हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण सगळी मेख इथेच आहे.

टीसीपीवरून, टीएलएस या कुलूपबंद आवरणात, कारभार चालतो: कोण आत आलं, कोणत्या चॅनलमध्ये आहे, कुणी माइक बंद केला, कुणी काय लिहून पाठवलं. हे सगळं बिनचूक पोचायला हवं, थोडा वेळ लागला तरी चालेल. आवाज यूडीपीवरून जातो. यूडीपी पोचल्याची पावती मागत नाही आणि हरवलेलं परत पाठवत नाही. टीसीपी म्हणजे खिडकीसमोरची रांग: पुढच्याचे सुटे पैसे खाली सांडले तर ते गोळा होईपर्यंत मागचा कुणीही पुढे सरकत नाही. फाइलींसाठी हे योग्यच. पण २० मिलिसेकंदांचा एक तुकडा हरवला म्हणून त्यामागचे सगळे तुकडे खोळंबले, तर ऐकणाऱ्याला आधी शांतता ऐकू येते आणि मग एकदम शब्दांचा लोंढा.

गटातल्या एकाच्या बाबतीत हे प्रत्यक्ष घडलं. तो काम संपवून ऑफिसातूनच जोडला जायचा. त्याचा आवाज थबकायचा, मग दोन वाक्यं एकमेकांवर चढून यायची. आम्ही त्याला माइक बदलायला लावला, खोली बदलायला लावली. शेवटी क्लायंटच्या खालच्या पट्टीत आलेली एक ओळ त्यानेच वाचून दाखवली: यूडीपी पॅकेटं जात-येत नाहीत, म्हणून टीसीपीवर जात आहे, अशा अर्थाची. तिथल्या नेटवर्कवर यूडीपी बंद होतं. मंबल अशा वेळी कुरकुर न करता आवाजसुद्धा टीसीपीच्या बोगद्यातून नेतं, बोलणं तुटू देत नाही. फक्त त्या वाटेने ते अडखळत पोचतं. त्याने मोबाइलचं इंटरनेट लावलं आणि पुढच्या वाक्यापासून तो आमच्यात बसल्यासारखा बोलायला लागला. मधल्या काळात आम्ही त्याला "तू ऐकतोयस ना?" असं कितीदा तरी विचारलं होतं. तो ऐकतच होता. त्याचं "हो" रांगेत उभं होतं.

सर्व्हर कुठे ठेवायचा हा प्रश्न मी लवकर सोडवला. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर किंवा रास्पबेरी पायवरही मंबल आरामात चालतं. पण अनेक इंटरनेट कंपन्या आता ग्राहकाला स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता देत नाहीत; कितीतरी घरं एकाच पत्त्याआड असतात. राउटरच्या पानावर १००.६४ ते १००.१२७ अशा आकड्यांनी सुरू होणारा पत्ता दिसला, तर २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी तो आहे असं समजावं. तिथे राउटरमध्ये कितीही पोर्ट फॉरवर्ड केले तरी बाहेरचा माणूस दारापर्यंत येत नाही. आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत हा एक उपाय आहे, पण तो सगळ्यांच्या बाजूने चालू असायला हवा. मी सरळ एक लहान व्हीपीएस, म्हणजे डेटा सेंटरमधलं आभासी मशीन, भाड्याने घेतला. घेताना रॅम आणि डिस्ककडे फार बघितलं नाही, डेटा सेंटर आम्हा सगळ्यांना किती जवळ आहे ते बघितलं. फायबरमधून प्रकाशाला १,००० किलोमीटर जायला सुमारे ५ मिलिसेकंद लागतात, आणि कितीही पैसे मोजले तरी त्याहून लवकर तो जात नाही.

एवढं लहान मशीन पुरतं, कारण हा सर्व्हर आवाजाला हातच लावत नाही. सगळ्यांचे आवाज मिसळून एक प्रवाह करणं, त्याचा दर्जा बदलणं, यातलं काही तो करत नाही. एकाचं पॅकेट येतं, चॅनलमध्ये आणखी सात जण असले तर त्याच्या सात प्रती निघतात आणि सात दिशांना जातात. मिसळण्याचं काम ऐकणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर होतं. म्हणून एखाद्याचा आवाज फार मोठा वाटला तर मी तो माझ्यापुरता कमी करू शकते. बाकीच्यांना तो होता तसाच ऐकू येतो.

आवाज आकुंचित करायला ओपस हा कोडेक, म्हणजे आवाज लहान करून पुन्हा उलगडायची पद्धत, वापरला जातो. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये तो आरएफसी ६७१६ या इंटरनेटच्या मानकाने प्रमाणित झाला. स्काइपकडचा सिल्क आणि झिफ या मुक्तस्रोत संस्थेकडचा सेल्ट या दोन कोडेकांचा तो वारस. सेकंदाला ६ पासून ५१० किलोबिटपर्यंत कुठेही चालतो. आम्ही ४० किलोबिटवर थांबलो. २० मिलिसेकंदांचं एक पॅकेट धरलं तर सेकंदाला ५० पॅकेटं होतात, प्रत्येकात १०० बाइट आवाज, वर पत्ता आणि कुलुपाचं वेष्टन. सगळं मिळून एका माणसाचे ५५ ते ६० किलोबिट. १० मिलिसेकंदांची पॅकेटं केली तर उशीर आणखी घटतो, पण पॅकेटांची संख्या दुप्पट होते आणि वेष्टनाचा खर्चही. एक वाचणारा आणि सात ऐकणारे असले तर सर्व्हरकडून बाहेर जातात जेमतेम ४०० किलोबिट. सर्व्हरच्या कॉन्फिग फाइलमधली, म्हणजे सेटिंगच्या फाइलमधली, एका माणसामागची बँडविड्थची मर्यादा जुन्या आवृत्त्यांमध्ये सेकंदाला ७२,००० बिट होती, नव्यांमध्ये ५,५८,०००. ती मी खाली आणली. बोलण्याला एवढी लागत नाही, आणि ज्यांचं इंटरनेट अशक्त आहे त्यांच्यावर दुसऱ्याच्या भारी सेटिंगचा भार पडायला नको.

खरा उशीर कुठे साठतो हे शोधताना मला सर्वांत जास्त शिकायला मिळालं. मी नेटवर्कमधले ५ मिलिसेकंद वाचवायला बसले होते आणि गटातल्या निम्म्या लोकांनी ब्लूटूथचे हेडफोन लावले होते. बऱ्याच ब्लूटूथ हेडफोनमध्ये एवढा उशीर असतो की त्यापुढे सगळ्या इंटरनेटचा प्रवास लहान ठरावा. शिवाय माइक चालू झाला की त्यातले पुष्कळसे फोन-कॉलच्या दर्जावर उतरतात. साधी तार असलेला हेडफोन लावला की फरक लगेच कळतो. वायफायचा त्रास वेगळा. तिथे सरासरी उशीर कमी असला तरी तो सारखा वरखाली होतो, आणि त्यासाठी क्लायंटला जिटर बफर ठेवावा लागतो: आलेली पॅकेटं क्षणभर धरून ठेवायची आणि एका लयीत कानाशी सोडायची. बफर मोठा केला तर तुटकपणा जातो पण उशीर वाढतो. लहान केला तर उलट. एखादा तुकडा आलाच नाही, तर ओपस आधीच्या आवाजावरून अंदाजाने ती फट भरून काढतो. एखाद-दुसरी फट असेल तर ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

त्यानंतर प्रत्येकाबरोबर बसून ऑडिओ विझार्ड, म्हणजे क्लायंटमधली माइक जुळवायची पानं. या कामाला जेवढा वेळ दिला तेवढा सर्व्हरलाही दिला नाही, आणि तो द्यायलाच हवा होता असं मला वाटतं. विझार्डमध्ये एक आडवी पट्टी असते, लाल, पिवळी आणि हिरवी. तुम्ही बोललात की तिच्यातली रेघ पुढे सरकते. हिरव्यात गेली की माइक उघडतो, लालमध्ये परत आली की मिटतो. या सीमा कुठे ठेवायच्या हे माणसागणिक बदलतं. आमच्यातल्या एकजणी फार हळू वाचतात. त्यांचा वाक्याअखेरचा शब्द पिवळ्यात रेंगाळायचा आणि तिथून लालमध्ये पडायचा. त्यांना मी म्हटलं, "काकू, आता नेहमीसारखं वाचा, माझ्यासाठी मुद्दाम मोठ्याने नको." त्या वाचत गेल्या आणि मी त्यांच्याच स्क्रीनवर ती सीमा थोडी थोडी डावीकडे नेत गेले, त्यांचा उसासासुद्धा पार होईपर्यंत. मग त्यांच्या खोलीतला पंखा ऐकू यायला लागला. मंबलमध्ये आरएनएनॉइज नावाची गोंगाट गाळण्याची सोय आहे. स्पीक्स या जुन्या कोडेकचा कर्ता आणि ओपसच्या कर्त्यांपैकी एक असलेल्या झाँ-मार्क वालँ यांनी ती लिहिली आहे. न्यूरल नेटवर्क वापरून बोलणं आणि गोंगाट ती वेगळे काढते. ती चांगली आहे, पण आम्ही बंद ठेवली. पंख्याबरोबर हुंकारही जाण्यापेक्षा पंखा राहिलेला बरा.

आता तो पासवर्डाचा प्रश्न. सुपरयूजर म्हणजे सर्व्हरवरचं सर्वांत वरचं खातं. चॅनल काढणं, मोडणं, कुणाला बाहेर घालवणं, कुणाला कायमचं बंद करणं, अधिकार वाटणं, सगळं त्याच्या हातात. पण या खात्याने आत गेलात तर तुम्हाला बोलता येत नाही. मंबलच्या अधिकारांच्या कोडमध्ये ते स्पष्ट लिहिलेलं आहे: सुपरयूजरला सगळे अधिकार, बोलणं आणि कुजबुजणं वगळून. रोजच्या बोलण्यासाठी कुणी सर्वाधिकारी खातं वापरू नये, एवढाच व्यवहारी हेतू त्यामागे असावा. मला मात्र ही फार सुजाण अट वाटते. जो कुणालाही गप्प करू शकतो त्याने त्या अधिकारात असताना मैफलीत बोलू नये. बोलायचं असेल तर ते खातं सोडून, बाकीच्यांसारखं साध्या नावाने यावं. मी तसंच करते.

अधिकारांच्या यादीत पुष्कळ बारकावे आहेत. कोणत्या चॅनलमध्ये कुणी बोलावं, कुणी नुसतं ऐकावं, हे गटवार ठरवता येतं आणि वरच्या चॅनलचे नियम खालच्यात उतरतात. वाचनाच्या चॅनलमध्ये बोलायचा अधिकार फक्त वाचणाऱ्याला ठेवावा, अशी सूचना गटातून आली. मी तिला विरोध केला. व्याख्यान ऐकायला आम्ही जमत नाही, आणि "थांब, ते परत वाच" म्हणायला आधी हात वर करायचा असेल तर तो शब्द ओठांवरच विरतो.

माणसांची ओळख इथे सर्टिफिकेटवर, म्हणजे फाइलीच्या रूपातल्या ओळखपत्रावर, चालते. क्लायंट पहिल्यांदा उघडला की तो स्वतःच एक सर्टिफिकेट बनवतो, आणि नोंदणी केली की सर्व्हर त्यावरून माणूस ओळखतो. फोन नंबर नको, ईमेल नको. मात्र कॉम्प्युटर बदलला आणि सर्टिफिकेट मागे राहिलं तर तुमचं नाव तुम्हालाच मिळत नाही. म्हणून प्रत्येकाकडून ते एक्स्पोर्ट करून पेनड्राइव्हवर ठेवून घेतलं. सर्व्हरचं स्वतःचं सर्टिफिकेट मी लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं लावलं. ते नवं झालं की सर्व्हरला यूएसआर१ हा लिनक्सचा इशारा पाठवला की पुरतं. रीस्टार्ट करावा लागत नाही आणि बोलणाऱ्यांचं बोलणं तुटत नाही.

सगळं जमल्यावर मावशीला जोडून दिलं. ती या गटातली सर्वांत जुनी. तिने हेडफोन लावले, आमचे आवाज ऐकले आणि पहिलाच प्रश्न केला, "म्हणजे आता आमचं सगळं बोलणं तुझ्या कॉम्प्युटरवरनं जाणार. मग तू नसताना आम्ही काय बोललो ते तुला कळेल का गं?"

याचं उत्तर सावरून-सावरून देण्यासारखं नव्हतं. मंबलचा आवाज वाटेत कुलूपबंद असतो. यूडीपीवरची प्रत्येक पॅकेट १२८ बिटांच्या एईएस या सांकेतिक कुलपाने, ओसीबी पद्धतीने बंद केलेली असते. पण ती कुलपं बोलणाऱ्यापासून सर्व्हरपर्यंत आणि सर्व्हरपासून ऐकणाऱ्यापर्यंत अशी वेगवेगळी आहेत. मधल्या ठिकाणी पॅकेट उघडतं आणि प्रत्येकासाठी नव्याने बंद होतं. म्हणजे सर्व्हर ज्याच्या ताब्यात आहे त्याने ठरवलं, त्यासाठी खटपट केली, तर त्याला ऐकता येईल. मी मावशीला हेच सांगितलं. सर्व्हर आवाज साठवत नाही, लिहून पाठवलेले निरोपही ठेवत नाही, हेही सांगितलं. आणि म्हटलं, "मी ऐकणार नाही. पण हा माझा शब्द आहे गं, यंत्राची खात्री नाही." ती म्हणाली, "मग ठीक आहे," आणि वाचायला घेतलं.

त्या संभाषणानंतर मी कॉन्फिग फाइल पुन्हा उघडली. नोंदी किती दिवस ठेवायच्या याची ठरलेली मुदत ३१ दिवस असते. ती मी उणे एक केली, म्हणजे डेटाबेसमध्ये नोंदच होत नाही. ऑब्फस्केटची ओळ चालू केली, त्यामुळे लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, लोकांचे खरे आयपी पत्ते दिसत नाहीत. जर्नलसीटीएल या आज्ञेने लॉग उघडून ते खरंच दिसेनासे झालेत की नाही, ते बघितलं. कुणी क्लायंटमधून रेकॉर्डिंग सुरू केलं तर मंबल ते बाकीच्यांना कळवतं. बाहेरच्या साधनाने कुणी केलं तर कळणार नाही, हेही गटाला सांगून टाकलं. काय साठतं त्याची यादी करून सगळ्यांना पाठवली: चॅनलांची नावं, नोंदलेल्यांची नावं, सर्टिफिकेटांचे हॅश (म्हणजे त्यांचे ठसे), कोण शेवटी केव्हा आलं होतं, बंदी घातलेल्यांची यादी. हे सगळं सर्व्हरच्या व्हीएआर-लिब या फोल्डरखालच्या एका एसक्यूलाइट फाइलमध्ये, म्हणजे एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसमध्ये, मावतं.

त्या फाइलचा बॅकअप एसक्यूलाइटच्या स्वतःच्या बॅकअप आज्ञेने घ्यावा. सर्व्हर चालू असताना नुसती कॉपी केली तर अर्धवट लिहिलेली फाइल हाती येऊ शकते. दुरून मशीनमध्ये शिरायची एसएसएच की, म्हणजे डिजिटल किल्ली, आणि सुपरयूजरचा पासवर्ड आता गटातल्या आणखी एकीकडे आहे. मी आजारी पडले किंवा मला कंटाळा आला तर वाचन माझ्यापाशी अडून राहू नये म्हणून. तिला नुसता पासवर्ड दिला नाही. तिने स्वतःच्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन घातलं, मंबल बसवलं, बॅकअपची फाइल जागेवर ठेवली, मालकी मंबल-सर्व्हर या यूजरकडे दिली आणि सर्व्हिस सुरू केली. चॅनल जिथल्या तिथे होते, नोंदणीही शाबूत. मावशीला काय सांगितलं तेही तिला सांगितलं, कारण तो शब्द आता तिलाही लागू आहे. पुढच्या वेळी सर्व्हर अपग्रेड तिने करायचा आणि मी फक्त वाचायचं, असं ठरलं आहे.